लिनक्सवर चालणारा कॅमेरा

देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक चाचा बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझी बहीण जन्मापासून बहिरी. आम्ही हातांनीच बोलतो. ती सासरी गेली आणि फोनवर पंचाईत झाली, कारण फोन धरला की बोलायला एकच हात उरायचा. लॅपटॉपचा कॅमेरा बंद पडलेला, त्यात माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स.

मी चाचांना हे सगळं सांगितलं आणि महागड्या वेबकॅमकडे बोट दाखवलं. चाचांनी मान हलवली. "त्याले त्याचंच सॉफ्टवेअर लागते, ते लिनक्सवर चालत नाही. हा साधा घ्या." त्यांनी काच सदऱ्याच्या टोकानं पुसली, वायर माझ्या लॅपटॉपला जोडली. "पाह्यल्याबिगर मी देत नाही. लावा कॉल बहिणीले."

पडद्यावर बहीण आली. आमचे चारही हात सुटले. किती दिवसांचं साचलेलं! गिऱ्हाईक ताटकळलं तर चाचा त्याला म्हणाले, "थांब ना बे, ते बोलून राह्यले."

शेवटी त्यांनी मला विचारलं, "खुश राहा, हे कसं म्हणतात?"

मी करून दाखवलं. त्यांचं पहिल्यांदा चुकलं. त्यांनी पुन्हा, सावकाश, दोन्ही हातांनी केलं, आणि तिकडे बहीण खळखळून हसली.