एक अमरावतीत, एक अकोल्यात

शोभाताई गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपला आधी हातच लावत नसत. शाळेची दोनशेपानी वही समोर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "लिही. काय कुठं हाय?" माणूस लिहीपर्यंत त्या टोपलीतली शेवंती निवडत बसायच्या. अमरावतीत त्यांच्या घरच्या फुलांच्या दुकानामागे एक खोली होती. पुढे दीर हार विकत, मागे या लॅपटॉप दुरुस्त करत.

मी अकोल्याहून पहिल्या एसटीने लॅपटॉप पोटाशी धरून गेले होते आणि माझं डोकं फिरलेलं होतं. "अहो ताई, वही कसली? इथं मशीन मरतंय!" मी ओरडलेच.

"मरून राहिलं म्हनूनच इचारून राहिली," त्या शांतपणे म्हणाल्या. "काय कुठं हाय?"

मला धड सांगता येईना. नऊ वर्षं कॉलेजात शिकवता शिकवता मी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायांची जात्यावरची गाणी रेकॉर्ड केली होती. त्यातच माझी आई होती. चारचौघांत तिने कधी गाण्याला तोंड उघडलं नाही. एकदाच, रिद्धपूरच्या घरी आम्ही दोघीच असताना, ती जात्यावर बसून गायली. पुढच्या वर्षी ती गेली. हे सगळं लॅपटॉपच्या 'सी' ड्राइव्हमध्ये होतं, आणि मोठं शहाणपण म्हणून दुसरी प्रत मी 'डी'मध्ये ठेवली होती. दोन प्रती झाल्या ना, मग रेकॉर्डर पुसून टाकला!

ताईंनी स्क्रू काढून आतली डिस्क माझ्या डोळ्यांपुढे धरली. "हे एकच हाय व माय. सी बी हेच, डी बी हेच. वावरात मधात धुऱ्याचा बांध घातला म्हनून दोन वावरं होतात का? पूर आला त दोन्ही जातेत."

डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली तर आतून टक् टक् आवाज यायला लागला. ताईंनी कान लावून ऐकलं. "हिचा भरोसा नाही. घडीभर चालन, नाही त आत्ताच बसन. आगुदर काय काढू?"

माझ्या फोल्डरांची नावं होती 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', असं करत थेट नऊपर्यंत. आळस, दुसरं काय! आई कशात होती? "उघडून बघू या ना," मी म्हटलं.

"तू उघडून पायत बसली त तेवढाच हिचा जीव जाते. तू सांग."

मी डोळे मिटले आणि म्हणाले, "तीन." खात्रीच होती मला. पट्टी सरकू लागली, थांबली, पुन्हा सरकली. टक् टक् चालूच. पाऊण तासाने तीन नंबर पुरा निघाला. आत काय होतं? कॉलेजच्या चिखलदऱ्याच्या सहलीचे व्हिडिओ! धुक्यात नाचणारी पोरं! मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी रडायला लागले.

"रडून घे, पन खुर्ची सोडू नको," ताई म्हणाल्या. "फुडचा नंबर सांग."

मग एक, दोन, चार, पाच, सहा निघाले. कितीतरी बायांचे आवाज वाचले. सातव्याला आवाज थांबला आणि डिस्क गप्प झाली. आई आत राहिली.

ताईंनी मला चहा पाजला. समजूत घातली नाही. नव्या छोट्या डिस्कवर फक्त विंडोज टाकलं आणि गाणी वेगळ्या डिस्कवर. "विंडोज म्हंजे चूल. मोडली त दुसरी मांडता येते. चुलीत कोनी दाने साठवते का?" मग त्या गाण्यांची आणखी एक प्रत काढून तिच्यावर माझं नाव लिहिलं. "हे माह्यापाशी राहीन. अन् माही तू अकोल्याले ने."

ही त्यांची रीतच होती. अमरावतीच्या गिऱ्हाइकाची प्रत अकोल्यात, अकोल्याची अमरावतीत. अट एकच. "दुसऱ्याचं गाठोडं सांभाळाचं, सोडून पायाचं नाही." दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्यांची डिस्क ठेवलेला स्टीलचा डबा घेऊन जायची आणि ताजी डिस्क घालून परत आणायची. ताईंपाशीच राहिलेल्या माझ्या जुन्या मेलेल्या डिस्कचं मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती.

यंदाच्या आषाढात ताई गेल्या. काम करता करता छातीत कळ आली, तेवढंच. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा महेश अकोल्याला आला. "मॅडम, कोणाची डिस्क कोणापाशी आहे त्याची यादी आईच्या डब्यात असेल. ज्याची त्याला परत द्यायची आहे."

मी साड्यांच्या खालून डबा काढून दिला. त्याने माझ्याच लॅपटॉपला डिस्क जोडली. एकेक नाव स्वच्छ लिहिलेलं. यादी सापडली. तिच्याखाली एक फोल्डर होता : 'अकोल्याची मास्तरीन, राह्यलेलं'. महेश माझ्याकडे बघायला लागला. "तुमचंच दिसतं. उघडा."

आत एक चिठ्ठी टाइप केलेली. पोळ्याच्या दिवशी केलं, निघालं नाही. दिवाळीनंतर केलं, नाही. डिस्कचा आतला भाग बदलला, नाही. संक्रांतीले, नाही. अशी तीन वर्षं. शेवटची नोंद यंदाच्या आखाजीच्या आधीची : "आठ नंबरातलं जराकसं निघालं. गानं नाही. पुरं निघू दे, मंग सांगीन तिले. अर्ध्यानं जीव जास्त दुखते."

खाली एकच फाइल होती. चार महिने ती माझ्या कपाटात पडून होती आणि मी रीत पाळत बसले होते.

मी ती लावली. जात्याची घरघर आली. मग घरघर थांबली, बांगड्या वाजल्या, आणि आई म्हणाली, "चालू झालं का व थे?"

"हो आई," मी म्हटलं. "झालं."