मनूआत्याचा गुरुवार

भर उपासनेत गीत मध्येच थांबवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. बारामतीच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी सकाळी पाळकसाहेब समोर उभे, मंडळी उभी, माझी बोटं पेटीवर, दुसरं कडवं सुरू झालेलं, आणि पुढच्या बाकावरून मनूआत्याचा हात वर जायचा. पेटी थांबायची, ढोलकी थांबायची, मागच्या बाकांवरचे दोन-चार आवाज थोडे पुढे घरंगळत जाऊन ओशाळे होऊन थांबायचे. आत्या मागे वळून म्हणायची, "परत घ्या. हे देवाला म्हणत न्हाय तुमी, शेजारच्याला ऐकवताय." मग आम्ही निमूटपणे पहिल्यापासून सुरू करायचो. पाळकसाहेबसुद्धा.

ती ठेंगणी होती, अंगाने भरलेली, आणि तिच्या भुवयांत कायम पीठ असायचं. मंडईमागच्या गल्लीत तिची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही. तिने पट्टा बदलून घेतला, जात्याला टाकी लावून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच दळायला उभी राहिली. चर्चमध्ये तिला लहानथोर सगळेच आत्या म्हणत. तिच्याहून वयाने मोठे होते तेही म्हणत, आणि तिला त्यात काही गैर वाटत नसे.

मी डेअरीतल्या नोकरीत इंदापूरहून बदली होऊन इथे आलो, त्या पहिल्याच रविवारी तिने मला दारात गाठलं. मला पेटी येते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "इंदापूरचा न्हवं तू? मी नरसिंहपूरची. म्हंजी तालुका एकच. मग पुढल्या रविवारी पेटीवर बस," ती म्हणाली. तालुक्याचा आणि पेटीचा काय संबंध, हे विचारायची सोय तिने ठेवली नाही.

ढोलकीवर तिचा धाकटा भाऊ असायचा, दावीदतात्या. नरसिंहपूर सोडून ते पणदऱ्याला राहत; तिथे त्यांचा ऊस होता, दोन म्हशी होत्या, आणि बोलण्याचा कंटाळा होता. या बहीणभावांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे उपासनेआधीची दोन वाक्यं. "आक्का, घसा बसलाय व्हय?" "तुझी ढोलकी उतरलीया, आधी ती चढव." एवढं झालं की पुढे सगळं गाण्यातच. ती त्यांच्याकडे बघायची नाही, ते तिच्याकडे बघायचे नाहीत, आणि तरी तिने एखादी ओळ मनात आलं म्हणून लांबवली तर ढोलकी बरोबर तिथे तिची वाट बघत उभी असायची. कापणीच्या सणाला वेदीपुढे ऊस, कणसं, भोपळे रचलेले असत आणि ही दोघं रंगात येत. तेव्हा मी पेटी वाजवायचं सोडून नुसता भाता हलवत ऐकत बसलो आहे. आयुष्यात मी जे काही सुंदर ऐकलं, त्यातलं बरंचसं त्या कौलारू छपराखाली ऐकलं. हे सांगून ठेवतो, कारण यापुढे जे सांगायचं आहे ते तसं नाही.

भांडण पाळकसाहेबांच्या बदलीवरून झालं. निम्म्या मंडळीला ते हवे होते, कारण कुणी आजारी पडलं की ते मोटारसायकल काढून पार सोमेश्वरनगरपर्यंत जायचे. निम्म्या मंडळीला ते नको होते, कारण ते कुणालाही न विचारता ठरवायचे आणि ठरवल्यावर ऐकायचे नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नको म्हणणाऱ्यांचे पुढारी झाले दावीदतात्या, ज्यांना बोलायचा कंटाळा होता ते. मग अर्ज झाले, सभा झाल्या, सभेत खुर्च्या सरकल्या, वकील झाले, तारखा पडू लागल्या. रविवारी चर्चच्या दाराशी एक हवालदार उभा राहू लागला. त्या वर्षांचा शीण माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. शनिवारी संध्याकाळ झाली की वाटायचं, उद्या पुन्हा तीच तोंडं, तेच टोमणे. देवाचं नाव घ्यायला जाताना माणसाला असं वाटावं याचं मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटून वाटून तेही बोथट झालं.

आमच्याकडे बऱ्याच गीतांना दोन चाली आहेत. एक गोऱ्या मिशनऱ्यांनी शिकवलेली संथ चाल, आणि एक आपली भजनाची. एका रविवारी पाळकसाहेबांच्या बाजूच्या लोकांनी मुद्दाम संथ चाल धरली, कारण तिच्यावर ढोलकी चालत नाही. तात्यांच्या बाजूने त्याच शब्दांवर भजनाची चाल उचलली आणि ढोलकी कडाडली. शब्द तेच, देव तोच, आणि दोन्ही बाजू एकमेकींना गाडून टाकायला निघालेल्या. आत्याचा हात वर गेला. कुणी थांबलं नाही. तिने हात तसाच वर धरून ठेवला. कडवं संपून दुसरं सुरू झालं, तरी कुणी थांबलं नाही, तिचा भाऊही थांबला नाही. मग तिने तो खाली घेतला आणि बाकावर बसली. मी पेटी बंद केली. उपासना सुटल्यावर दारातला हवालदार कौतुकाने म्हणाला, "आज जोरात झालं की तुमचं."

पुढच्या रविवारपासून तात्यांनी निम्मी मंडळी नेऊन पणदऱ्याला आपल्या अंगणात वेगळी उपासना सुरू केली. आत्या चर्चमध्येच येत राहिली, पण तिने गाणं सोडलं. पुढच्या बाकावर ओठ मिटून बसायची. इकडचे म्हणायचे, आत्या, तुम्ही आमच्याबरोबर आहात ना, मग गा. तिकडून निरोप यायचे, आक्का, तू आमचीच, इकडे ये. तिने एकदा मला गिरणीत बसवून सांगितलं, "कोण बरोबर हाय ते मला इचारू नगा. दोघंबी बरोबर हाईत, म्हणून तर मिटंना. मला माझी माणसं एका जागी गाताना पायजेत आन् दावीद ढोलकीवर पायजे. बाकी काय असंल ते घ्या वाटून." सांगताना तिचा आवाज चढला नाही. तोवर तिला मी थकलेली पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली.

मग तिनेच वाट काढली. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद असते, त्यामुळे गिरणी बंद. एका गुरुवारी तिचा फोन आला, "पेटी घिऊन गिरणीत ये." जाऊन बघतो तर दळणाच्या डब्यांची रांग भिंतीला लावलेली, ज्वारीच्या पोत्यांवर सतरंजी टाकलेली, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या पाच-सहा बायका एकमेकींकडे न बघता बसलेल्या. पणदऱ्याच्या बायका घरी बाजाराला म्हणून सांगून आल्या होत्या. आत्याने नियम सांगितला, "हितं चर्चचं नाव काढायचं न्हाय. पाळकाचं न्हाय, दावीदचं न्हाय, कोर्टाचं न्हाय. ज्याला बोलायचंय त्यानं बाजारात जाऊन बोलावं. हितं फकस्त गायचं." ढोलकी नव्हती, म्हणून दावीदतात्यांच्या सुनेने पिठाचा रिकामा डबा पुढ्यात ओढला. आत्याने सुरुवात केली. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज ऐकला आणि माझे डोळे भरून आले. पिठाचं निमित्त करून मी ते पुसले.

गुरुवारची माणसं वाढत गेली. बायकांमागून पुरुष आले, तेही बाजाराच्या पिशव्या घेऊन. अशी गोष्ट गावात लपत नाही. एका गुरुवारी आम्ही गात असताना पुढच्या दारातून पाळकसाहेब आले. "आत्या, हे मंडळीच्या शिस्तीला धरून नाही. वेगळ्या झालेल्या लोकांबरोबर असं बसणं मला मान्य नाही." आत्या उत्तर देणार तोच मागच्या दारातून दावीदतात्या आत आले. त्यांना पाळकसाहेब दिसले नव्हते. "आक्का, आमची माणसं हितं बोलावून फोडू नगंस. बंद कर हे." मग दोघांनी एकमेकांना बघितलं. गेले कित्येक महिने ते फक्त कोर्टात भेटत होते.

आत्या म्हणाली, "दोगांचं म्हननं एकच हाय तर. लई दिसांनी जमलं तुमचं. बसा. गीत अर्धं ऱ्हायलंय, ते झालं की भांडू."

बसायला पोत्यांशिवाय काही नव्हतं. पाळकसाहेब गव्हाच्या पोत्यावर टेकले, तात्या दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. गीत पुन्हा सुरू झालं. डब्यावरच्या सुनेचा सासरेबुवांना बघून आधीच धीर सुटलेला, त्यात तिचा ठेका मागे पडायला लागला. तात्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा झाला. एक कडवं त्यांनी सोसलं. दुसऱ्या कडव्याला ते पुढे आले, सुनेला म्हणाले, "सर बाजूला," आणि खाली मांडी घालून त्यांनी डबा मांडीवर घेतला. पत्र्याच्या त्या डब्यातून त्यांनी जो ठेका काढला, तो ऐकून आत्याने पहिल्यांदाच गाता गाता मान वळवून भावाकडे पाहिलं. मध्येच वीज आली. डोक्यावरचा बल्ब पेटला, पंखा फिरायला लागला, आणि कुणीही उठलं नाही.

गीत संपल्यावर दोघे अंगणात जाऊन खरोखरच भांडले. चहा येईपर्यंत भांडले आणि चहा न घेता गेले. जाताना तात्या बहिणीला म्हणाले, "डब्यावर कसलं गातीस? पुढल्या गुरवारी ढोलकी आणतो. पर म्हणून त्या मानसाला मी मानलं असं न्हाय." आत्या म्हणाली, "नगं मानू. ढोलकी आण." त्यानंतर ते दर गुरुवारी आले. पाळकसाहेब पुन्हा आले नाहीत, पण त्यांनी बंद करा असंही पुन्हा म्हटलं नाही.

चर्चचं काही मिटलं नाही. रविवारी दोन ठिकाणी दोन उपासना होत राहिल्या, तारखा पडत राहिल्या. पण त्यानंतर आत्या रविवारीही चर्चमध्ये पुन्हा गायला लागली. तिला दम लागायचा. इतक्या वर्षांचं पीठ छातीत बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, गिरणी बंद करा. ती म्हणाली, "आन् गुरवारी कुठं बसू?" गाताना मध्येच ती आम्हाला थांबवायची, चुकलं म्हणून रागवायची, आणि आम्ही खाली माना घालून ऐकायचो. चूक आमची नसायची, तिला श्वास घ्यायचा असायचा. हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एकदा मी वैतागून तिला विचारलं, आत्या, हे सगळं कधी मिटणार? ती म्हणाली, "मी हाय तवर न्हाय मिटायचं. पर गाण्यानं त्याची वाट कशाला बघायची?"

पावसाळा सरता सरता ती गेली. मग तिच्या मयतीवरून भांडण झालं. शेवटची प्रार्थना कुणी करायची? नाव चर्चच्या वहीत, भाऊ पणदऱ्यात. गिरणीच्या दारात, तिला आत ठेवलेलं असताना, माणसं हमरीतुमरीवर आली. मला कुणाला समजवायचीही ताकद राहिली नव्हती. मी तिच्या उशाशी बसून राहिलो. शेवटी दोन प्रार्थना झाल्या, दोन्ही लांबलचक, एकीवर दुसरी कडी करणारी. मधे गीत झालं. ते मात्र एकच झालं, कारण गाणारे सगळे गुरुवारचे होते. दोनदा सूर घसरला. कुणी थांबवलं नाही, तो तसाच पुढे गेला, आणि ती गेल्याचं मला तेव्हा खरं कळलं.

तिची मुलगी चिंचवडला असते. तिने गिरणीची जागा एका मोबाइलवाल्याला दिली. तिचा तरी काय दोष. पुढच्या गुरुवारी दुपारी तात्या माझ्या दारात उभे होते, खांद्याला ढोलकी. "चल," म्हणाले. मी म्हटलं, "कुठं?" त्यांनी ढोलकीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाले, "किल्ली हाय न्हवं तुझ्याकडं?"

ज्या चर्चचा उंबरा त्यांनी वर्षानुवर्षं ओलांडला नव्हता, त्याचं कुलूप मी पेटीसाठी माझ्याकडे असलेल्या किल्लीने उघडलं. तात्यांनी वहाणा काढल्या, आत येऊन आपल्या जुन्या जागी बसले. हळूहळू बाकीचे आले, दोन्हीकडचे. शेजारच्या बंगल्यातून पाळकसाहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. मी सूर धरला. कुणीच सुरुवात करेना. सुरुवात नेहमी आत्याने केलेली, आमच्यापैकी कुणाला ती सवयच नव्हती. मी भाता हलवत राहिलो आणि सगळे खाली बघत राहिले. शेवटी मागून पाळकसाहेबांनीच घसा खाकरून पहिली ओळ उचलली, नको तितक्या वरच्या पट्टीत.

तात्या वळले नाहीत. समोर बघूनच म्हणाले, "साहेब, पट्टी लई वर गेली. बायकांना झेपायची न्हाय. जरा खाली घ्या."

भांडण सोडून ते त्यांच्याशी इतक्या वर्षांत बोललेलं हे पहिलं वाक्य. पाळकसाहेबांनी खाली घेतलं. तात्यांनी ठेका दिला.