वाल्मीकचं ‘चालत नाय’

“आवं म्याडम, जे चालत नाय त्याला ‘चालत नाय’च म्हननार ना? का त्याला हारतुरे घालू?”

गंगापूर रोडवरच्या ऑफिसात, एसीच्या गार वाऱ्यात, सायखेड्याचा वाल्मीक खुर्चीतून अर्धा उठला होता. समोर गिऱ्हाइकाला द्यायच्या पुस्तिका तपासणाऱ्या तेजस्विनी मॅडम. ही कंपनी राउटरचं सॉफ्टवेअर करते. म्हणजे गावोगावच्या डब्यात बसून इंटरनेटला ‘इकडून जा, तिकडून जा’ सांगणारी अक्कल. वाल्मीक इंजिनीअर झालेला, पण त्याचं काम अक्कल बनवायचं नाही. त्या अकलेत काय काय नाही, ते मराठीत लिहून ठेवायचं. पुस्तिकेतल्या त्या प्रकरणाला नाव ‘मर्यादा’. बाकीची पुस्तिका लिहायला सगळं ऑफिस तयार असतं. हे प्रकरण आलं की सगळ्यांना चहा आठवतो.

भांडण एका ओळीचं होतं. डब्याला दोन वाटा, एक तारेची, एक सिमकार्डाची. तार तुटली की आपोआप सिमवर जाणार, असं जाहिरातीत ठळक छापलेलं. पण तयार डब्यात ती सोय नव्हतीच. पुरण पोळी लाटायच्या आधी भरतात, तसा तो पर्याय सॉफ्टवेअर बांधतानाच चालू करावा लागतो. नंतर बटणं दाबून बोटं झिजली तरी पोळी कोरडीच. वाल्मीकनं लिहिलं होतं, ‘तयार डब्यात वाट आपोआप बदलत नाय. पायजे आसल तर घ्यायच्या आधी सांगा, भरून देऊ.’

“भरून देऊ? आपण काय मिरच्या विकतो?” मॅडम म्हणाल्या.

“मिरच्या इकल्या आसत्या तर तिखट हाय का नाय, येवढं तरी गिऱ्हाइकाला सांगितलं आसतं.”

बोलीचा वाल्मीकला भारी तोरा. कॉलेजात तोंडी परीक्षेत नापास झाला, तेव्हा ‘हाय-नाय बोललो म्हणून पाडलं’ असं गावभर सांगत हिंडला. पुस्तक उघडलं नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं. मर्यादा लिहिणाऱ्यालाही आपल्या मर्यादा छापाव्या वाटत नाहीत.

मॅडमनी शब्दकोश काढला. इंग्रजीतल्या सपोर्टला त्यांना ‘आधार’ सापडला आणि ओळ झाली: ‘स्वयंचलित मार्गबदलास सद्यस्थितीत आधार नाही.’

मालक रोहित सरांनी ती दोनदा वाचली. “वा! काहीच कळत नाही. छापा.”

“सर, घोळ हुईल.”

“शेवटच्या पानावर ‘लेखन’ म्हणून तुझं नाव येतंय ना?”

नाव म्हटल्यावर वाल्मीक खुर्चीत परत टेकला. पुस्तिका छापून आली त्याच रविवारी त्यानं ते पान सायखेड्यात पारावर दाखवलं. आतली पानं कुणाला उघडू दिली नाहीत.

मग हरसूलहून काळूभाऊंचा फोन आला. त्यांचं दाखले काढून द्यायचं दुकान. ऐन बाजाराच्या दिवशी तार तुटलेली. वाल्मीकनं फोन स्पीकरवर टाकला.

“साहेब, पुस्तकात लिव्हलंय आधार नाही. म्हनून मी आधार जोडलं.”

“कशाला जोडलं?”

“डब्याला! माझं जोडलं, बायकोचं जोडलं. झेरॉक्स काढून, लॅमिनेशन करून चिकटवलं. तरी नेट बंद. दारात माणसं दाटलीत, आता मलाच तुडवतील. सरपंचाचं लावून बघू का?”

ऑफिस खिदळलं. वाल्मीक हसला नाही. शेवटच्या पानावर नाव त्याचं होतं. मॅडम नखं बघायला लागल्या.

“पुस्तिका लिहिली कुणी?” सरांनी विचारलं. जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

वाल्मीकनं आधी फोनकडं तोंड केलं. “काळूभाऊ, कागद काढून टाका. तुमच्या डब्यात ती सोयच नाय. सिमची वाट हातानं चालू करा, आत्ता चालंल. कशी करायची ते सांगतो.”

सांगितलं. नेट आलं. “मंग आसं लिव्हायचं ना, बाबा!” काळूभाऊ ओरडले.

वाल्मीक सरांकडं वळला. “येक तर माझी वळ ठिवा, नाय तर माझं नाव काढा.”

सरांनी हिशेब केला. ओळ बदलली तर विक्री पडणार; नाव काढायला फुकट. “काढलं,” म्हणाले, आणि तिथल्या तिथं पुढच्या छपाईसाठी छापखान्याला मेसेज केला.

फोन मात्र चालूच होता. “ऐकलं मी,” काळूभाऊ म्हणाले. “मंग आमचा डबा घेऊन जा वापस. माझ्या मेव्हण्याचा बी, त्याच्या शेजाऱ्याचा बी.”

सरांनी हिशेब पुन्हा मांडला. “वाल्मीक, तुझीच ओळ टाक. पण ‘नाय’चं ‘नाही’ कर, आणि ‘पायजे’चं ‘पाहिजे’.”

“आन नाव?”

“ते आता गेलं की रे.”

वाल्मीकनं ‘नाही’ टंकलं, तोंड वाकडं करून, कडू औषध गिळावं तसं. नाव परत मागितलं नाही. मागून मिळालं नसतं हे त्याला माहीत होतं, आणि घरी आता काय सांगायचं, हे अजून सुचलं नव्हतं.

“पुढची मर्यादा कधी देतोस?” मॅडमनी विचारलं.

“आधी बघू तरी द्या, कितपत चालतंय.” त्यानं आपोआप वाट बदलायचा पर्याय चालू करून सॉफ्टवेअर बांधून घेतलं, टेबलाखाली वाकला आणि डब्याची तार उपटली.