तळ बघायचा डबा

भिवाबद्दल सांगायचं म्हणजे आधी माझी लाज सांगावी लागते, आणि तिथंच माझी जीभ अडते. एरवी माझी जीभ अडत नाही, हे पिंपरीत सगळ्यांना माहीत आहे. हिंदुराव म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला धड सांगितलेली नाही.

भिवा बाहत्तरच्या दुष्काळात जामखेडकडून आला. आधी कंपनीच्या बांधकामावर बिगारी, मग हंगामी कामगार, मग आमच्या रबर खात्यात कायम. काळेवाडीत पत्र्याची एक खोली, बायको गिरजाबाई, दोन मुली. माणूस सडपातळ, बोलायला कमी, पण हात असा की साच्यातून निघालेलं रबराचं वायसर तो नुसतं बोटानं दाबून सांगायचा, "हे गळंल." आणि ते गळायचंच. साहेबांच्या हातात मोजायची यंत्रं असायची, तरी अडलं की ते भिवाकडं यायचे. जेवायला आम्ही एकाच टेबलावर बसायचो. मी चाकणजवळच्या गावचा, पाटलाच्या भावकीतला, भिवा बौद्धवाड्यातला. त्याच्या डब्यातलं कालवण मी हक्कानं खायचो आणि चारचौघांत छाती ठोकून सांगायचो, "आपण राव जातपात मानत न्हाई." मोठा आलो सांगणारा!

कॅन्टीनच्या भिंतीवर एका रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर समुद्राच्या तळाचं चित्र. लाल-पिवळी झाडं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि पाठीवर नळकांडं बांधून पोहणारा एक गोरा माणूस. महिना संपला, पान उलटलं, तर भिवानं ते पान मागून घेतलं. मला म्हणाला, "हिंदुरावभाऊ, पाण्याच्या खाली खरंच असं असतं का वो?"

"मला काय ठाऊक? मी काय मासा हाय?"

"एकदा बघायचं हाय. पण मला पाण्याचं लई भ्या वाटतं."

त्या वर्षी खात्याच्या सहलीची जबाबदारी माझ्यावर होती. एकोणऐंशी साल. सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली होती आणि आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणजे दोन दिवस आयते जोडून. शनिवारची रजा टाकली की लांब जाता येणार होतं. कुणी महाबळेश्वर म्हणे, कुणी अलिबाग. भिवा एकटा सुट्टीच्या वेळी माझ्याकडं आला. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, समुद्र निवडा. पण गरीब समुद्र निवडा. लाट नको, पाणी निवळ पायजे, आणि कमरेच्या वर जाता कामा न्हाई. कमरेपतुर मी येईन."

समुद्र कधी गरीब असतो का! मी हसलो. पण त्याचा चेहरा बघून कामाला लागलो, हे खरं. अलिबागचं पाणी गढूळ, म्हणून ते काढलं. गणपतीपुळ्याचा समुद्र ओढून नेतो म्हणतात, तेही काढलं. आमच्या स्टोअरमध्ये मालवणकडचा एक कारकून होता, त्याला गाठलं. तो म्हणाला, किनाऱ्यालगत खडकांच्या मधे ओहोटीला पाणी असं थांबतं की परातीत भरून ठेवावं तसं. तळाची वाळू मोजून घ्या. मी भिवाला सांगितलं, "ठरलं. मालवण."

"कमरेइतकंच ना?"

"कमरेइतकंच. माझा शब्द."

त्या दिवसापासून भिवाचं येड सुरू झालं. तेलाचा पाच किलोचा रिकामा डबा घेतला, त्याचा तळ कापला, तिथं काच बसवली आणि काचेच्या कडेनं स्वतःच्या हातानं कापलेली रबराची पट्टी. काचेची बाजू पाण्यात टेकवायची आणि वरून डोळे लावायचे. डोकं बुडवायला नको, नाकात पाणी जायला नको, तळ मात्र दिसायचा. जेवणाच्या सुट्टीत अर्धी भाकरी खाऊन तो त्या डब्याशी खेळत बसे. पहिली पट्टी गळली. दुसरी गळली. तिसरी बसली, तेव्हा भांडी घासायच्या टाकीत डबा धरून त्यानं आम्हाला तळाशी पडलेला चमचा दाखवला. पोरासारखा हसला.

आणि मी काय म्हणालो? "अरे भिवा, पोहायला शिकताना डबा पाठीला बांधत्यात, डोळ्याला न्हाई!" सगळं टेबल खदखदून हसलं. आमच्याकडं पोरं पोहायला शिकतात ती पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधूनच. आठ दिवस बांधायचा, नवव्या दिवशी चुलत्यानं तो सोडायचा आणि न सांगता मागून विहिरीत ढकलायचं. मला माझ्या चुलत्यानं असंच ढकललं. मीही दहा-बारा पोरं ढकलली. सगळी पोहायला लागली. त्यामुळं पोहणं येतं ते ढकलल्यानंच, असं माझं पक्कं मत होतं.

मालवणला पोचलो त्या दिवशी देऊळ-बाजार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळेला होडीवाल्यानं आम्हाला खडकांत नेलं. कारकून खोटं बोलला नव्हता. पाणी असं निवळ की माझ्या पायाची नखं दिसत होती. बाकीचे धिंगाणा घालत होते. भिवा चड्डी-बनियनवर डबा छातीशी धरून एकेक पाऊल टाकत पाण्यात शिरला. गुडघा. मांडी. कंबर. तिथं थांबला. त्याच्या पुढं दोन हातांवर खडकात एक चर होता, तिथं पाणी हिरवं, म्हणजे खोल. होडीवाल्यानं आधीच बजावलं होतं, "थंयसर जाव नुको."

भिवानं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी त्याच्या मागं खडकावर उभा. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, मग त्यानं डबा पाण्याकडं नेला आणि वाकायला लागला. इतकं हळू, इतकं हळू की माझा धीर सुटला. सगळे बघत होते आणि माझ्या अंगात आलं. मी ओरडलो, "असं दुरबिणीतून पोहणं येत न्हाई गड्या!" आणि खडकावरून उतरून त्याच्या पाठीत दोन्ही हात घातले.

तो चरात गेला. डबा पाण्यावर आडवा झाला, भरला, बुडाला. भिवाचा एक हात वर आला आणि खाली गेला. सगळे हसत होते. मीही हसत होतो. मी पट्टीचा पोहणारा, दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि मी वाट बघत होतो की आता हा हातपाय मारेल. आमची पोरं मारतात. भिवानं मारलेच नाहीत. तो दगडासारखा गेला.

उडी मारली ती होडीवाल्यानं. माझ्या अंगावरून मारली. त्यानं भिवाला केसाला धरून वर काढलं, खडकावर पालथा घातला, पाठ दाबली. पाणी निघालं, उलटी झाली, मग श्वास लागला. होडीवाला माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "माणूस की कोण तू?" भिवा लुंगी गुंडाळून वाळूवर बसला, दात वाजत होते. नंतर कुणी चहा आणला, तो त्यानं घेतला. मी आणलेला नाही घेतला. माझ्या लक्षात आलं, पण मी लक्षात आलं नाही असं केलं.

परतीच्या एसटीत सगळे गप्प. मला ती शांतता सोसेना. चूक कबूल करणं जमेना, म्हणून मी थट्टाच पुढं रेटली. त्याच्या बाकाकडं वळून मोठ्यानं म्हणालो, "काय रे भिवा, एवढा घोडा झालास आणि पोहायला येत न्हाई? तुझ्या गावात विहीर नव्हती का काय?"

भिवा खिडकीतून बाहेर बघत होता. तसाच म्हणाला, "व्हती की. तुमची व्हती."

मग तो बोलला, सावकाश, रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमची पोरं उड्या मारायची. आमी लांबून बघायचो. काठाला यायची सोय नव्हती. उडी मारली की पोरगं आत कुठं जातं, खाली काय असतं, ते काय दिसायचं न्हाई. नुसता आवाज यायचा. आठ वर्षांचा आसंल मी. एकदा दुपारी कुणी नव्हतं, तवा गेलो आणि वाकून बघितलं. शिवलो न्हाई वो पाण्याला, नुसता वाकलो. मागून एकानं मानगुट धरलं. लई मारलं. सगळी विहीर उपसून घेतली माझ्या बापाकडनं, एकट्याकडनं, तीन दिवस. तवापासून पाण्यावर वाकलो की मागं कुणीतरी हाय असं वाटतं."

एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "म्हणून तुमाला म्हणलं व्हतं, कमरेइतकंच. तुमी मागं हायेत म्हणून वाकलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, मी काय परमुलखातला होतो? आमच्या गावच्या विहिरीलाही लांब एक बाभळ होती आणि तिच्याखाली उभी राहणारी पोरं होती. मी पाठीला डबा बांधून उड्या मारत होतो तेव्हा ती बघत होती. एकदा त्यातलं एक जरा पुढं आलं, तर मीच ओलाचिंब काठावर उभा राहून ओरडलो होतो, "ए, लांब हो!" ते हसून मागं सरलं होतं. ती पोरं कुठं पोहायला शिकत असतील, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. आणि मी म्हणे जातपात मानत नाही. कालवण खाल्लं की झालं, असं मला वाटत होतं.

घरी आल्यावर बायकोला, सुभद्राला, सांगितलं. तिनं पोळपाटावरचा हात थांबवला. "माफी मागितली का?"

"तो काय रागावलेला न्हाई."

"मी ते विचारलं न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

महिनाभरानं मी तसाच एक डबा केला. काच आणली, पट्टी कापली, आणि घेऊन काळेवाडीला गेलो. भिवा घरी होता. त्यानं बसायला चटई टाकली, गिरजाबाईनं पाणी दिलं, चहा दिला. पाहुणचारात काही कमी नाही. मी डबा पुढं केला. "आपण परत जाऊ भिवा. दोघंच. मी तुझ्या पुढं उभा राहतो." चुकलं माझं, हे दोन शब्द मात्र चहाबरोबर गिळले. भिवानं रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं, सवयीनं दाबलं, आणि म्हणाला, "हे गळंल." डबा माझ्याकडं परत सरकवला. गिरजाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "जायचं तर त्यांना हायच. पर आता आमी जाऊ की."

आणि ते गेले. पुढच्या जानेवारीत, चौघं, लाल एसटीनं. मला कळलं ते तो परतल्यावर. सकाळच्या पाळीला त्यानं खात्यात मालवणी खाजं वाटलं. प्रत्येकाला दोन, मलाही दोन. "घ्या हिंदुराव," म्हणाला. भाऊ म्हणाला नाही.

जेवणाच्या सुट्टीत पोरांनी त्याला घेरलं. "दिसला का तळ?" असा एकच गलका. भिवा सांगायला लागला. मी त्याला इतकं बोलताना कधी बघितलं नव्हतं. हातानं दाखवत होता, एवढाले मासे, असं काहीतरी हलतंय, मुलींनी नवा केलेला डबा हिसकावून घेतला, गिरजा तर पाण्यातून बाहेरच येईना. सगळं टेबल हसत होतं, पण यावेळी त्याच्याबरोबर. मी आपला जेवणाचा डबा घेऊन पलीकडच्या खांबापाशी उभा होतो. पंख्याच्या घरघरीत अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नाही. म्हणून जरा पुढं सरकलो. त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि तो बोलायचा थांबला. तोंडावर राग नव्हता. त्याची मान मात्र आखडली होती, आणि डोळे एकदा माझ्या हातांकडं जाऊन आले.

मी मागं सरलो. हसून मागं सरलो. मग तो पुन्हा सांगायला लागला.

त्यानंतर आम्ही तीन वर्षं एकाच खात्यात काम केलं, मग माझी बदली चाकणच्या नव्या शेडला झाली. समुद्राचा तळ कसा दिसतो ते आमच्या खात्यात झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. मला अजून माहीत नाही.