रांग न मोडलेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, असा तिचा समज आहे. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. 

दुष्काळाचं साल होतं. नगरच्या एका कॉलेजात मी संशोधन करत होतो. नळाला पाणी नाही आणि आमचा विषय पाणी! लोक चेष्टा करायचे. प्रचंड दाबाखाली पाणी खूप तापवलं, की ते धड पाणी राहत नाही, धड वाफही होत नाही. तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात की सुटे होतात? तसं पाणी तापवायची भट्टी आमच्याकडे कुठली? म्हणून आम्ही ते कॉम्प्युटरवर तापवायचो. कॉम्प्युटर मुंबईला. भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं जायचं आणि मिळेल तेवढ्या वेळात गणित चालवायचं.

गणिताची एक रीत होती. रेणू आधी बर्फातल्यासारखे ओळीत मांडायचे, मग तापवून मोकळे सोडायचे. ती रांग पुरती मोडेपर्यंतचे आकडे टाकून द्यायचे. खरी मोजणी त्यानंतर.

मी ते टाकले नाहीत.

यंत्राचा वेळ संपला होता, माझे मार्गदर्शक सर नगरला वाट बघत होते, रिकाम्या हातानं त्यांच्यासमोर जायची भीती वाटत होती — पण हे कशाला सांगतोय? ते आकडेही मी मोजणीत धरले, एवढंच खरं. उत्तर आलं, की इतक्या उष्णतेतही रेणूंची पकड शाबूत! सर हरखले. परिषदेत बोलून टाळ्या घेऊन आले. ती पकड पाण्याची नव्हतीच हो, मीच मांडलेली रांग होती ती. आता तोंड कसं उघडणार?

माझ्यानंतर सुमन आली. बेलापूरची, वडील साखर कारखान्यात कामगार, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. सरांनी तेच गणित तिला पुन्हा करायला दिलं. तिचे रेणू सुटे निघाले. बरोबर तीच होती.

हे असं कसं, सरांनी मला विचारलं.  आणि मी — अगदी सहज — म्हणालो, की तिची कार्डं मागंपुढं झाली असतील, ती घाई करते. सुमन कधीच घाई करत नसे. सगळ्यांत निगुतीनं काम करणारी तीच, म्हणून तर मी घाबरलो होतो ना?

सरांनी माझं ऐकलं. तिची शिष्यवृत्ती गेली. तिचं शिकणं तेवढ्यावरच चाललं होतं, तेही संपलं. मी पुढं प्राध्यापक झालो. कुणीतरी हे गणित परत करील, या धास्तीनं परदेशी मासिकाचं पाकीट दिसलं तरी मला घाम फुटायचा.

पण एक राहिलंच. सांगू? ती गावी निघाली तेव्हा मी तिची ट्रंक उचलायला स्टँडवर गेलो होतो. चांगुलपणा कसला — ती कुणाशी काय बोलते, ते बघायला गेलो होतो. बसच्या दारात तिनं विचारलं, "दादा, तुमी सुरुवातीचे आकडे टाकून दिले हुते ना?"

तिला कळलं होतं? की नुसतीच शंका?  मी हो म्हणालो.

"मग माझंच कुठं तरी चुकलं आसंल," ती म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

बस सुटली, तेव्हा मला हायसं वाटलं.