आयतं आणि आयतु

मी मूळची पुण्याची, आणि स्वभावाने तापट. बेंगळुरूत येऊन बरीच वर्षं झाली. इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत कॉम्प्युटरची खोली माझ्या ताब्यात असते. तिथे चप्पल घालून कुणी आलं तरी माझं डोकं फिरतं, चहा घेऊन आलं तर बोलायलाच नको. अशा खोलीत बिनदिक्कत येऊन बसायची मुभा मी एकाच माणसाला दिली होती, ती म्हणजे अक्का.

अक्का आमच्याच संस्थेत टेक्निकल ऑफिसर. माझ्यापेक्षा मोठ्या. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं, बनशंकरीला राहणारं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कानडी असं मुरलंय की कुठलं कुठं संपतं ते त्यांनाही सांगता येत नाही. ‘स्वल्प थांब गं, येतेच,’ असं त्या म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. माझी पुणेरी मराठी ऐकून त्यांनाही येत असणारच, पण त्या सभ्य आहेत.

मुलं मार्गी लागल्यावर अक्कांनी पीएचडीला नाव घातलं. विषय काय, तर एक जुनं दगडी धरण भूकंपात कसं हलेल. धरणाची भिंत सरळ असती तर तिचा एक काप घेऊन भागलं असतं. ही भिंत मध्येच वळते, आणि अक्कांचं म्हणणं असं की खरी गोम त्या वळणातच आहे. त्यासाठी सबंध भिंतीचं गणित करायला हवं. ते एवढं अवाढव्य की साध्या कॉम्प्युटरला पेलेना. मुदतवाढी मागून झाल्या होत्या. शेवटी समितीने सांगितलं, सोमवारच्या सेमिनारला सबंध भिंतीची उत्तरं दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

संस्थेत जीपीयूची, म्हणजे प्रचंड आकडेमोड झपाट्याने करणाऱ्या कार्डांची, नवी मशीन होती, पण ती एआयवाल्यांनी अडवून ठेवलेली. अक्कांच्या वाट्याला आलं ते एक जुनं कार्ड, कुणालाच नको म्हणून माझ्या खोलीत पडलेलं. मी म्हटलं, हरकत नाही. असल्या गणितांसाठी एक लायब्ररी मिळते. पुस्तकांची नव्हे, मोठमोठी समीकरणं जीपीयूवर कशी सोडवायची ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, आपल्या प्रोग्रॅमने ते फक्त वापरायचं. इंटरनेटवरून तयार पॅकेज उतरवलं, एका आज्ञेत बसलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

प्रोग्रॅम चालवला आणि स्क्रीनवर एक ओळ उमटली. अर्थ एवढाच, की या कार्डाला समजेल असं या लायब्ररीत काही नाही. तयार पॅकेज करणाऱ्यांनी नव्या कार्डांपुरतंच केलं होतं, जुन्यांना वगळलं होतं. आता एकच मार्ग, मूळ कोड आणायचा आणि आपल्या कार्डासाठी आपणच लायब्ररी बांधायची.

‘आयत्या बिळावर नागोबा होता येणार नाही, अक्का,’ मी म्हटलं. ‘आता बीळ आपणच खणायचं.’

खणायला घेतलं आणि एकेक दगड लागायला लागला. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा आमचा कंपायलर कार्डाच्या सॉफ्टवेअरला जास्तच नवा निघाला, म्हणून जुना शोधून आणला. मग फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर नाही म्हणून अडलं. तो दिला, तर घाई म्हणून मी सगळे प्रोसेसर एकदम कामाला जुंपले, आणि दुष्काळात तेरावा महिना, मेमरी संपून सगळंच मध्यावर बंद पडलं. मी त्या मशीनला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अक्का शेजारी शांत बसलेल्या. ‘सगळ्यांना एकदम जेवायला बसवलंस की असंच होणार,’ त्या म्हणाल्या. ‘दोन पंगती कर.’ तेवढं केल्यावर काम पुढे सरकू लागलं.

शुक्रवारी सकाळी बांधकाम नीट चालू झालं. नेमकं त्याच दिवशी मला एका मीटिंगला इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं होतं. टाळता येईना. अक्कांना म्हटलं, हे संपलं की बसवायची आज्ञा द्या, चाचणी घ्या आणि मला फोन करा.

परतताना उड्डाणपुलावर कॅबमध्ये होते तेव्हा फोन आला. बांधून झालं, बसवलंही, पण चालवलं की तीच जुनी ओळ येते, त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. मी थोडा विचार केला आणि लख्ख उजेड पडला. आधी उतरवलेलं तयार पॅकेज मशीनवर तसंच होतं. नव्या लायब्ररीचं नाव तेच, त्यामुळे प्रोग्रॅमला आधी ती जुनीच सापडत होती. तेवढी काढली की झालं! मी आनंदाने ओरडलेच, ‘अहो अक्का, आयतं आहे ते काढून टाका! मग बघू!’

बाजूने एक बस भोंगा वाजवत गेली. ‘सरी,’ म्हणजे बरं, असं पलीकडून आलं, आणि फोन कटला. मी निर्धास्त होऊन बाहेर बघत बसले. उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणतात ते उगीच नाही.

खोलीत शिरले तर अक्का पर्स खांद्याला लावून, डबा पिशवीत घालून बसल्या होत्या. माझ्यासाठी कॉफी मागवून झाकून ठेवली होती, माझ्या खोलीत, मशीनपासून हातभर लांब. ‘पी आधी,’ त्या म्हणाल्या. ‘दमलीस किती माझ्यापायी. तू केलंस तेवढं कुणी केलं नसतं.’

मला काही कळेना. स्क्रीनकडे पाहिलं. तयार पॅकेज गेलेलं. नवी बसवलेली लायब्ररी गेलेली. ज्यात ती बांधली ते फोल्डरसुद्धा गेलेलं. जेवणं झाल्यावर ओटा पुसावा तसं लख्ख.

‘हे काय केलंत?’ माझा आवाज चढला.

‘तूच म्हणालीस ना,’ अक्का म्हणाल्या, ‘आयतु, आहे ते काढून टाका.’

कानडीत आयतु म्हणजे झालं. संपलं. दुकानात हिशेब मिटला की आयतु, रिक्षावाल्याशी घासाघीस संपली की आयतु. आणि एखादी गोष्ट हाताबाहेर गेली, आता सोडून द्यावी, तरीही आयतु. मी ‘आयतं’ म्हटलेलं त्यांनी ‘आयतु’ ऐकलं होतं. त्यांना वाटलं मी हात टेकले. म्हणून त्यांनी मुकाट्याने सगळं आवरलं आणि माझ्यासाठी कॉफी सांगितली. घरीही फोन करून सांगून टाकलं होतं, की संपलं, जमत नाही.

मी चिडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या खुर्चीत इतक्या नीट बसल्या होत्या, पदर सारखा करून, तक्रारीचा एक शब्द न काढता, की माझा सगळा राग विरला आणि मला रडू फुटलं. इतक्या वर्षांच्या कामावर पाणी सोडायला माझा एक शब्द त्यांना पुरला होता. एवढा विश्वास आजवर माझ्यावर माझ्या आईनेही ठेवलेला नाही.

मी त्यांना आयतं म्हणजे काय ते सांगितलं. ‘म्हणजे रेडीमेड?’ त्या म्हणाल्या. ‘अय्यो! मग रेडीमेड म्हणायचं की गं!’ आणि मग आम्ही दोघी डोळे पुसत हसत बसलो. ती कॉफी मी मशीनशेजारीच प्यायले.

शनिवारी परवानगी काढून पुन्हा आलो. मी कीबोर्डकडे हात नेला तर अक्कांनी तो अलगद बाजूला केला. ‘आज मी.’ कुठे काय अडलं होतं ते त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. कंपायलर कुठला, पंगती किती, सगळं एकदाही न विचारता त्यांनी घातलं. फक्त आमच्याच कार्डासाठी बांधायचं, कार्डांच्या बाकीच्या पिढ्या गाळायच्या, एवढं मी सुचवलं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम आटोपलं. चाचणी पास झाली. मग त्यांनी धरण चालवलं. आकड्यांची पहिली रांग आली, मग दुसरी. भिंत ज्या निरनिराळ्या तऱ्हांनी हलते त्यांतल्या तिसऱ्या कंपनाचं चित्र उघडलं तेव्हा भिंत बरोबर वळणापाशी पिळवटलेली दिसत होती. अक्कांनी त्या वळणावर बोट ठेवलं. ‘मी म्हणत होते ना,’ एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, घरी कळवा. तर नको म्हणाल्या. ‘एकदा संपलं म्हणून सांगितलंय. आता परत आशा लावायची आणि सोमवारी समितीने नाही म्हटलं तर? एकदाच काय ते सांगेन.’

सोमवारी मी मागच्या रांगेत बसले होते. समितीतल्या एका गृहस्थांनी त्या वळणावरून बरंच छेडलं आणि अक्कांनी एकेक उत्तर सावकाश, न अडखळता दिलं. मग सगळ्यांना बाहेर काढलं. थोड्या वेळाने आत बोलावून अध्यक्ष म्हणाले, प्रबंध लिहायला घ्या.

बाहेर पॅसेजमध्ये अक्कांनी घरी फोन लावला. घाईत स्पीकर चुकून चालू झाला. त्या तोंड उघडणार तोच पलीकडून त्यांचे यजमान बोलू लागले. समजूत घालत होते. ‘परवागिल्ला, असू दे, वाईट वाटून घेऊ नकोस. मी आज रजाच घेतलीय. डिग्री काय, आहे त्यातच आपलं छान चाललंय की. त्या धरणाबद्दल तुझ्याइतकं कुणाला कळतं? मला माहीत आहे, मुलांना माहीत आहे. कागद नसला म्हणून काय झालं...’ माणूस चांगली तयारी करून बसला होता. शुक्रवारपासून मनात जुळवलेलं एकेक वाक्य येत होतं.

मी खुणेने म्हटलं, अहो, सांगा ना!

अक्कांनी फोनवर तळहात ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ‘एवढं सगळं जमवून ठेवलंय गं त्यांनी माझ्यासाठी,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘स्वल्प थांब. बोलून होऊ दे त्यांचं.’