विठोजीअण्णाची विश्रांती

माझा थोरला भाऊ विठोजी उभ्या आयुष्यात आजारी असा पडलाच नाही. त्याला आजारी पाडावं लागलं. ते काम त्याच्या मुलानं, सूर्यकांतनं, मोठ्या प्रेमानं केलं.

कब्बनपेटेत अण्णाचं शिवणकामाचं दुकान होतं. सकाळी तो चालत मार्केटला जायचा, कोथिंबिरीच्या जुडीसाठी कन्नडात भांडायचा, तमिळमध्ये समेट करायचा आणि दुकानात गिऱ्हाइकाशी दक्खनीत गप्पा मारत कोट बेतायचा. दुपारी शेजारच्या शिवाप्पाबरोबर कवड्यांचा चौकाबारा. दोघंही लबाड. हरलेला जिंकलेल्याशी संध्याकाळपर्यंत बोलायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट मांडून बसायचा. नावं तो तेव्हाही विसरायचा. मला हाक मारताना आधी आमच्या मेलेल्या मावश्यांची नावं घ्यायचा, मग "मथुरा" यायचं. त्याला आम्ही कुणी आजार म्हणत नव्हतो.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला वहिनी गेली. सूर्यकांतनं इंदिरानगरात फ्लॅट घेतला, बापाला तिकडे नेलं आणि दुकान बंद केलं. त्याच वर्षी महालयाला पितरांना पाणी सोडताना अण्णा पणजोबांच्या नावाशी अडखळला. सून दिव्यश्रीच्या माहेरची माणसं जेवायला आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झालं! अप्पांचा, म्हणजे आमच्या अण्णाचा, मेंदू थकला, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं.

मग सुरू झाली मेंदूची बडदास्त. सकाळी भिजवून सोललेले बदाम, डोक्याला ब्राह्मी तेल, वर शंखपुष्पीचं औषध. बाजारात जायचं नाही, वाट चुकाल. जिना उतरायचा नाही, पडाल. सुईत दोरा ओवायचा नाही, डोळ्यांना ताण पडेल. शिवाप्पा भेटायला आला तर "मामंजींना स्वल्प विश्रांती घेऊ द्या" म्हणून दारातूनच परत. केबल टीव्हीसमोर एक खुर्ची टाकून दिली, बसा! बोलायला कुणी नाही, भांडायला तर नाहीच. दिवसभर डुलक्या, म्हणून रात्री झोप नाही, म्हणून गोळी. गोळीची गुंगी सकाळी उतरत नसे, की लगेच, "बघा, किती विसरतात!" रोगापेक्षा औषध भारी म्हणतात ते हेच. शिवणयंत्र वर्षभर झाकून ठेवलं की चाक फिरत नाही, हे शिंप्याच्या मुलाला कुणी सांगावं? हे शहाणे म्हाताऱ्याचा मेंदू झाकून ठेवून वरून तेल चोळत होते.

मी बोलले नाही असं नाही. "आत्या, तुमच्या काळचं वेगळं होतं," म्हणून सूर्यकांत हसला. त्या हसण्याची मी त्याला अजून माफी दिलेली नाही.

अण्णाचं मागणं एकच होतं: पुढच्या महालयाला आपणच पाटावर बसायचं. मी गेले की मला खुर्चीजवळ बोलवायचा. "मथुरा, नावं म्हणून घे माझ्याकडनं." आम्ही म्हणायचो. बाप सुभानजी, आजा रायाजी, पणजा अंबाजी. कधी आठवायची, कधी नाही. "घरातलं तेवढं एक काम उरलंय गं माझं," तो एकदा म्हणाला, आणि मला रडू आवरलं नाही.

महालयाच्या अमावास्येला मी सकाळीच गेले आणि थेट स्वयंपाकघरात वडे तळायला उभी राहिले. नेहमीचे पुरोहित मिळाले नव्हते, कुठून तरी नवे आणले होते. हॉलमध्ये मंत्र सुरू झाले. मला वाटलं, अण्णा बसलाय. पुरोहितांनी बापाचं नाव विचारलं, "तंदे हेसरु?" आणि सूर्यकांतचा आवाज आला, "विठोजी."

झारा माझ्या हातातच राहिला. बाप जिवंत असताना मुलानं पितरांच्या पाण्याला बसायचं नसतं, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. पण बापाला त्रास नको म्हणून हा शिकलेला घोडा स्वतःच पाटावर चढला होता! पुरोहितांना काय माहीत? मुलगा बसलाय, म्हणजे बाप केव्हाच गेला. त्यांनी गोत्र उच्चारलं आणि खणखणीत आवाजात विठोजीला पितरांत बोलावलं.

धुराचा त्रास नको म्हणून आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. त्या दारामागून उत्तर आलं, "आलो, आलो!"

धोतर सावरत अण्णा बाहेर आला. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याला नावानं हाक मारली होती. तोंडभर हसत त्यानं विचारलं, "कुठं बसू?"

पुरोहितांच्या हातातली पळी ताम्हनात पडली. दिव्यश्री भिंतीकडे बघू लागली. सूर्यकांतच्या बोटात दर्भ, पुढ्यात काळे तीळ, आणि ज्याच्या नावानं ते सोडायचे तो बाप समोर उभा.

"ऊठ सूर्या," मी म्हटलं. "त्याला बसू दे. त्यानं पाणी द्यायचंय, घ्यायचं नाही अजून."

अण्णा बसला. सुभानजी म्हणाला, रायाजी म्हणाला आणि पणजोबांपाशी अडला. मी दारातून म्हटलं, "अंबाजी." "हां, अंबाजी," म्हणून त्यानं पाणी सोडलं. आभाळ काही कोसळलं नाही.

त्याच संध्याकाळी मी त्याला माझ्याकडे कब्बनपेटेला आणलं. तो ठणठणीत बरा झाला, असली थाप मी मारणार नाही. विसरतो. मेथी सांगितली की पालक आणतो. मी परत पाठवते, तो मला शिव्या देत जातो. दुपारी शिवाप्पाच्या कवड्या ढापतो, गल्लीतल्या बायकांच्या उसवलेल्या पिशव्या शिवून देतो आणि रात्री गोळीवाचून घोरतो.

परवा सूर्यकांत आला. हातात बदामाची पुडी आणि ब्राह्मी तेलाची बाटली.

"अप्पा कुठायत?"

"बाजारात."

"एकटेच? आणि वाट विसरले तर?"

"विसरला तर कुणाला तरी विचारील," मी म्हटलं. "तुझ्या घरी विचारायला होतं कोण?"